हल्लेखोराचा फोन उघडत नाही: मग कंपनीनेच एक किल्ली ठेवायला काय हरकत आहे?

अनुस्वार

कुठे दहशतवादी हल्ला झाला की दोन-चार दिवसांत बातमी येतेच की हल्लेखोराचा फोन हाती लागला आहे, पण उघडत नाही. मग वाद पेटतो. एक गट म्हणतो माणसं मेली आहेत, गोपनीयतेचं काय घेऊन बसलात. दुसरा म्हणतो यंत्रणांना एकदा किल्ली दिली की सगळं संपलं. दोघंही तावातावाने बोलतात, पण ते कुलूप चालतं कसं यावर फारसं कोणी बोलत नाही.

माझं मत आधीच सांगतो. न्यायालयाचा हुकूम असेल तर फोन उघडता यायलाच हवा. घराची झडती होते, बँकेतला लॉकर उघडतात, मग फोनलाच वेगळा न्याय का? पण आतलं कळणाऱ्यांनी पटवून दिलं तर मत बदलेन.

प्रश्न तीन. कंपनीने फक्त तपासासाठी एक किल्ली राखून ठेवली तर तांत्रिक अडचण काय? एनक्रिप्शनमुळे, म्हणजे किल्लीशिवाय मजकूर वाचताच येणार नाही असा करून ठेवल्यामुळे, हल्ले रोखता येत नाहीत हे खरं आहे का? आणि ज्याचा या सगळ्याशी संबंध नाही अशा साध्या माणसाने आपल्या फोनवर नेमकं काय करून ठेवावं?

कृपया राजकीय पक्ष धाग्यात आणू नका.

काजवा

हा वाद ज्या प्रकरणाने जगभर गेला त्यापासूनच सुरुवात करू, कारण त्यात कुलपाचे सगळे भाग दिसतात.

२ डिसेंबर २०१५, कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो. १४ जण मारले गेले. हल्लेखोरांनी आपले खाजगी फोन आधीच फोडून टाकले होते. मागे राहिला तो नोकरीवरून मिळालेला आयफोन ५सी. त्याची मालकी काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाची, आणि मालकाची संमती होती, फक्त पासकोड कोणाला माहीत नव्हता.

त्या फोनच्या कुलपाचे तीन पदर होते. एक, दहा चुकीचे प्रयत्न झाले की आतली किल्ली पुसली जाण्याची सोय. दोन, चुकांनंतरची सक्तीची थांबवणूक: पाचव्या चुकीला १ मिनिट, मग ५, मग १५, नवव्या चुकीला १ तास. तीन, पासकोड स्क्रीनवर बोटानेच टाकावा लागतो, केबल जोडून संगणकाने टाकता येत नाही. १६ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात ॲपलकडे नेमकं हेच मागितलं होतं, की हे तिन्ही पदर काढलेली आयओएसची (आयफोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती बनवा आणि तुमच्या सहीने त्या फोनवर चढवा. सही म्हणजे कंपनीची डिजिटल खूण, तिच्याशिवाय फोन सॉफ्टवेअर स्वीकारत नाही. आदेशाचा आधार होता १७८९ सालचा ऑल रिट्स ॲक्ट, न्यायालयांना गरजेचे आदेश काढू देणारा जुना कायदा.

ॲपलने नकार दिला. सुनावणी २२ मार्चला होती. आदल्या दिवशी एफबीआयने (अमेरिकेची केंद्रीय तपासयंत्रणा) ती पुढे ढकलायला सांगितली आणि २८ मार्चला कळवलं की बाहेरच्या मदतीने फोन उघडला आहे, आता आदेशाची गरज नाही.

यातला एक भाग लोक विसरतात. हल्ल्यानंतर चार-पाच दिवसांत एफबीआयच्या सांगण्यावरून काउंटीने त्या फोनच्या आयक्लाउड (ॲपलची ऑनलाइन साठवण) खात्याचा पासवर्ड बदलला. तो बदलला नसता तर ओळखीच्या वायफायवर फोन चार्जिंगला लावून नवा बॅकअप आपोआप वर जाण्याची शक्यता होती, आणि बॅकअप ॲपल हुकमावर देतच होती. शेवटचा बॅकअप होता १९ ऑक्टोबरचा. पुढच्या सहा आठवड्यांकडे जाणारी सोपी वाट एका पासवर्ड-बदलाने बुजली.

गोधडी

काजवा, फार नीट मांडलंत. एक शंका आहे. थांबवणूक आणि पुसणं काढून टाकलं तर मग उघडायला किती वेळ लागतो? संगणकाला तर क्षणाचंच काम वाटतं.

काजवा

गोधडी, क्षणाचं नाही, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. तुम्ही टाकलेला पासकोड थेट तपासला जात नाही. प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेली एक वेगळी किल्ली असते, तिच्याबरोबर तो पुन्हा पुन्हा घुसळला जातो आणि त्यातून फायली उघडणारी किल्ली तयार होते. या घुसळणीला प्रत्येक वेळी साधारण ८० मिलिसेकंद लागतील अशी योजना आहे. कोरलेली किल्ली बाहेर काढता येत नाही, म्हणून मेमरीची नक्कल काढून हजार संगणकांवर एकदम प्रयत्न करता येत नाहीत. सगळं त्याच एका फोनवर करावं लागतं.

आता गणित. चार आकडे म्हणजे १०,००० शक्यता, गुणिले ०.०८ सेकंद, म्हणजे ८०० सेकंद. तेरा-साडेतेरा मिनिटं. सहा आकडे म्हणजे १० लाख शक्यता, साधारण २२ तास. दहा आकडे केले तर २५ वर्षं. सहाच खुणा ठेवल्या पण त्यात छोटी इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळले तरी साडेपाच वर्षं. हे सगळ्या शक्यता संपवायचे आकडे आहेत, सरासरी त्याच्या निम्मी.

हे गणित पासकोड यदृच्छेने निवडला असेल तरच लागू पडतं. जन्मतारीख, १२३४५६, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर हे उघडणारा माणूस सुरुवातीलाच करून बघतो.

पायवाट

मी अनुस्वार यांच्या बाजूने आहे आणि जबाबदारीने लिहितो आहे. त्या प्रकरणात मागणी किती मर्यादित होती हे काजवा यांनी सांगितलं नाही. ती आवृत्ती त्याच एका फोनच्या ओळख-क्रमांकाला बांधायची होती. दुसऱ्या फोनवर ती चालली नसती, कारण क्रमांक बदलला की सही मोडते. काम कंपनीच्या आवारात करायची मुभा होती, ती आवृत्ती तपासयंत्रणेच्या हातात जायचीही गरज नव्हती. मग जगातले सगळे फोन धोक्यात येतील असं का म्हणायचं?

आणि मेलेल्यांच्या घरच्यांचा विचार करा. आणखी कोणी सामील होतं का, पुढचा बेत ठरला होता का, हे त्यांना कळायला हवं. तपास करणाऱ्यांना खलनायक ठरवणं मला मान्य नाही.

सुतळी

पायवाट, मागणी एका फोनपुरती होती हे बरोबर. पण असं काम एकदा होऊन थांबत नाही. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने सांगितलं की आमच्याकडे न उघडणारे १७५ आयफोन पडून आहेत. त्यातले बहुतेक दहशतवादाचे नव्हते. म्हणजे दर आठवड्याला सही करायची वेळ. आज सहीची किल्ली अत्यंत कडक पहाऱ्यात असते. रोजच्या वापरासाठी ती बाहेर आली की तिला हात लागणारी माणसं वाढतात, त्यांच्यावर दबाव आणता येतो, त्यांना विकत घेता येतं. शिवाय एका देशाच्या न्यायालयाला होकार दिला की जिथे जिथे फोन विकला जातो तिथल्या प्रत्येक सरकारला तोच होकार द्यावा लागतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे, राखीव किल्लीकडे. ही कल्पना करून पाहिलेली आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत फोनवरचं बोलणं एनक्रिप्ट करणारी क्लिपर चिप आली. प्रत्येक चिपची किल्ली दोन तुकड्यांत दोन सरकारी खात्यांकडे, हुकूम आला की दोन्ही तुकडे जोडायचे. कागदावर सुंदर. संदेशाबरोबर तपासयंत्रणेला किल्लीपर्यंत नेणारी माहितीची एक पट्टी जायची आणि ती खरी आहे का हे बघायला फक्त १६ बिटांची पडताळणी होती. १६ बिट म्हणजे ६५,५३६ शक्यता. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवून दिलं की खोट्या पट्ट्या करत राहिलं की एखादी पडताळणीतून सुटते, आणि मग चिपचं एनक्रिप्शन वापरता येतं पण यंत्रणेला मात्र काहीच वाचता येत नाही. म्हणजे ज्याला लपवायचं त्याला पळवाट, आणि सरळ माणसाची किल्ली तेवढी खात्यात जमा.

दुसरं उदाहरण ग्रीसचं. मोबाइल एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय कारखान्यातूनच येते. २००४-०५ मध्ये कोणीतरी आत शिरून तीच सोय गुपचूप चालू केली आणि शंभराहून अधिक फोन ऐकले, त्यात खुद्द पंतप्रधानांचाही. शिरणाऱ्यांना नवीन यंत्र बसवावं लागलं नाही, दार आधीपासून होतंच. आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या दूरसंचार कंपन्यांत परकी हॅकर शिरले, ते न्यायालयीन टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचल्याचं उघड झालं. त्यानंतर तिथल्याच सरकारी संस्था नागरिकांना सांगू लागल्या की एनक्रिप्टेड ॲप वापरा.

लॉकरशी तुलना इथे तुटते. लॉकर फोडायला माणसाला त्या खोलीत जावं लागतं.

मोहर

सुतळी +१. ग्रीसचं उदाहरण माहीत नव्हतं.

पायवाट

सुतळी, क्लिपर तीस वर्षांपूर्वीची. १६ बिटांची चूक ही रचनेतली चूक होती, कल्पनेतली नाही. आज चांगली रचना करता येणार नाही असं कशावरून? ग्रीसचं मात्र मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सुतळी

रचना सुधारता येईल, पण अडचण गणितात फार थोडी आहे. किल्ली वर्षानुवर्षं जपायची, शेकडो ठिकाणच्या अधिकाऱ्यांना तासाभरात मिळेल अशी ठेवायची, खरा हुकूम आणि खोटा हुकूम ओळखायचा, वापरल्याची नोंद कोणालाही पुसता येणार नाही अशी ठेवायची. या चारही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. खोटे हुकूम ही काल्पनिक गोष्ट नाही. पोलिसांचे चोरलेले ईमेल वापरून 'तातडीची विनंती' पाठवायची आणि कंपन्यांकडून माहिती काढायची, हे घडलेलं आहे.

ठिपका

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण त्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

१३ नोव्हेंबर २०१५ चा पॅरिसचा हल्ला, १३० मृत्यू. सुरुवातीला सगळा दोष एनक्रिप्शनवर गेला. बाटाक्लाँ नाट्यगृहाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात हल्लेखोरांचा एक फोन सापडला. त्यात निघालो, सुरू करतो अशा अर्थाचा निरोप होता, आणि तो साधा एसएमएस होता. एनक्रिप्टेड ॲप ते वापरत नव्हते असं मी म्हणत नाही, त्या फोनवर टेलिग्राम उतरवलेलं होतंच. पण शेवटचा निरोप उघडा होता आणि तरी वेळेत कोणाच्या नजरेला पडला नाही.

ब्रिटनमधलं मँचेस्टर, २२ मे २०१७, २२ मृत्यू. चौकशी आयोगाचा २०२३ चा अहवाल सांगतो की गुप्तचर खात्याने कारवाईची महत्त्वाची संधी गमावली. माहिती हातात होती, ती वेळेवर लिहून पुढे गेली नाही.

आणि सरसकट सगळ्यांची माहिती गोळा करण्याचं काय? अमेरिकेत प्रत्येकाच्या फोनकॉलच्या नोंदी जमा करणारा कार्यक्रम २०१३ मध्ये गुप्तचर यंत्रणेचा माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन याच्यामुळे उघड झाला. सरकारच्याच गोपनीयता देखरेख मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला, की या कार्यक्रमामुळे दहशतवादाच्या तपासाच्या निकालात ठोस फरक पडला असं एकही प्रकरण आढळलं नाही.

असं का होतं ते गणिताने कळतं. समजा १० कोटी लोक आहेत, त्यात खरे धोकादायक १,०००. तुमचं यंत्र ९९ टक्के अचूक आहे, जे प्रत्यक्षात कधी नसतं. ते १,००० पैकी ९९० ओळखेल. पण उरलेल्यांपैकी १ टक्का, म्हणजे जवळजवळ १० लाख निरपराध माणसंही त्याच यादीत टाकेल. हजार नावं तपासावी तेव्हा एक खरं. प्रत्येक नावामागे एक माणूस आठवडाभर बसवायचा म्हटलं तर कुठलंही खातं बुडेल. म्हणून नेमक्या संशयितामागे नेमकी माणसं लावणं हेच उपयोगी पडतं, आणि पायवाट, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे: अशा नेमक्या तपासाला पैसा आणि माणसं मिळायलाच हवीत.

पायवाट

ठिपका, हा हिशेब पटला. नेमक्या तपासाबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार.

चांदणवेल

थोडं अवांतर, पण तंत्रज्ञान आणि सुरक्षा म्हटलं की विमानतळ आठवतो. लॅपटॉप पिशवीबाहेर का काढायला लावतात? आणि पॉवर बँक चेक-इन सामानात टाकू नका म्हणतात ते स्फोटाच्या भीतीने की घातपाताच्या?

निरांजन

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, चांदणवेल.

लॅपटॉपचं कारण साधं. जुन्या एक्स-रे यंत्रात सपाट चित्र दिसतं. लॅपटॉपची बॅटरी आणि सर्किट बोर्ड दाट असल्यामुळे त्याच्या खाली-वर काय आहे ते झाकलं जातं. लॅपटॉप वेगळा ट्रेमध्ये ठेवला की दोन्हींचं चित्र स्वच्छ मिळतं. नवीन सीटी यंत्रं पिशवीचे आडवे काप काढून घनचित्र दाखवतात, म्हणून ती बसवलेल्या ठिकाणी लॅपटॉप आतच ठेवू देतात. १०० मिलिलीटरचा द्रवाचा नियम ऑगस्ट २००६ च्या उधळलेल्या कटानंतर आला, तोही याच यंत्रांमुळे काही ठिकाणी सैल होतो आहे.

लॅपटॉपमधून घातपात झालेला आहे. २ फेब्रुवारी २०१६, मोगादिशूहून निघालेलं दालो एअरलाइन्सचं विमान. लॅपटॉपमध्ये लपवलेल्या बॉम्बचा स्फोट उड्डाणानंतर थोड्याच वेळात झाला, विमानाला भोक पडलं, हल्लेखोर बाहेर फेकला गेला आणि विमान सुखरूप परत उतरलं.

पॉवर बँकेचा नियम आगीचा आहे, दहशतवादाचा नाही. लिथियम पेशी एकदा तापून पेटली की शेजारच्या पेशीला पेटवते. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात हॅलॉन हा आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण पेशींची आपसातली साखळी थांबवत नाही.

मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या दहा विमानतळांवरून येणाऱ्या प्रवाशांना फोनपेक्षा मोठी सगळी उपकरणं सामानकक्षात टाकायला लावली, तेव्हा हे दोन धोके समोरासमोर आले. बॉम्बपासून वाचायला आगीचा धोका वाढवल्यासारखं झालं. त्याच वर्षीच्या एफएएच्या (अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था) चाचण्यांत लॅपटॉपची तापलेली बॅटरी आणि शेजारी फवाऱ्याचा डबा यांनी हॅलॉनला न जुमानता स्फोट घडवला. जुलैपर्यंत बंदी उठली आणि तिची जागा कडक तपासणीने घेतली.

चांदणवेल

वा, इतकं स्पष्ट कुठे वाचलं नव्हतं. पॉवर बँक किती मोठी चालते?

निरांजन

१०० वॉट-तास. हिशेब: मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७, भागिले १०००. २०,००० ची असेल तर ७४, चालते. ३०,००० ची १११ होते, त्यासाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते. १६० च्या वर अजिबात नाही. अंगावर आकडे छापलेले नसतील तर तपासणीत काढून घेऊ शकतात, म्हणून छापील अक्षरं घासून गेलेली जुनी बँक नेऊ नका. फुगलेली तर घरातही ठेवू नका.

गोधडी

मूळ विषयाकडे येऊ या का? अनुस्वार यांचा तिसरा प्रश्न तसाच राहिला आहे. मीही त्याचीच वाट बघते आहे.

काजवा

लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, वरच्या गोष्टी आधी करा.

पासकोड सहावरून दहा आकडी किंवा अक्षरं मिसळलेला करा. बोट किंवा चेहरा चालू ठेवलात तर हा लांब पासकोड दिवसातून एक-दोनदाच टाकावा लागतो, त्यामुळे त्रास वाटत नाही. उलट बोट-चेहरा नसेल तर माणूस कंटाळून ११११११ ठेवतो.

फोन बंद करून पुन्हा चालू केल्यावर पासकोड टाकेपर्यंत बहुतेक फायलींच्या किल्ल्या मेमरीत आलेल्याच नसतात. एकदा उघडला की नंतर स्क्रीन काळी असली तरी बऱ्याच किल्ल्या आत राहतात. फोन उघडणाऱ्या यंत्रांना या दुसऱ्या अवस्थेत खूप जास्त मिळतं. म्हणून प्रवासात फोन नजरेआड होणार असेल तर लॉक करून थांबू नका, बंद करा. आयओएस १८.१ पासून तीन दिवस न उघडलेला आयफोन आपोआप रीस्टार्ट होतो, अँड्रॉइडवरही २०२५ पासून तशी सोय आली आहे. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं एक बटण दोन-तीन सेकंद धरलं की चेहरा-बोट तात्पुरतं बंद होतं आणि पासकोडच मागितला जातो.

अपडेट आलं की त्याच आठवड्यात घ्या. ज्या फोनला कंपनीने सुरक्षा अपडेट देणं थांबवलं आहे त्यावर बँकेचं ॲप ठेवू नका.

आता निरोपांची ॲप. व्हॉट्सॲपचं टोक-ते-टोक एनक्रिप्शन (फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकतो, मधली कंपनी नाही) एप्रिल २०१६ पासून सगळ्यांना आहे, पण गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवरचा बॅकअप तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय तसा एनक्रिप्ट होत नाही. सेटिंग्ज, चॅट, चॅट बॅकअप, तिथे एनक्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली निवडायची. इथे लोक हमखास चुकतात: पासवर्ड विसरला की तो बॅकअप कंपनीही उघडून देऊ शकत नाही. कागदावर लिहून घरात ठेवा. टेलिग्रामच्या साध्या चॅटला हे संरक्षण नाहीच, फक्त सीक्रेट चॅटला आहे आणि ग्रुपला तर नाहीच.

व्हॉट्सॲपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये सहा आकडी पिन लावा. लिंक्ड डिव्हाइसेस महिन्यातून एकदा उघडून बघा, अनोळखी संगणक दिसला तर लॉग आउट करा. लॉक स्क्रीनवर निरोपांचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर फोन न उघडताच ओटीपी वाचता येतो.

मोहर

सिम पिनचा उल्लेख राहिला. फोन कुलूपबंद असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथे येतो. सिम पिन लावला तर तसं होत नाही. लावताना आधी कंपनीचा मूळ पिन विचारतो, अंदाजाने टाकू नका: तीन चुका झाल्या की सिम अडतं आणि मोबाइल कंपनीकडून मिळणारा पीयूके कोड लागतो, पीयूकेच्या दहा चुका झाल्या की सिम कायमचं निकामी.

ठिपका

आणखी एक. एनक्रिप्शन असलं तरी कोण कोणाशी, कधी, किती वेळ बोललं ही नोंद वेगळी उरते, आणि तपासात ती फार कामी येते. पायवाट यांच्या काळजीला हेही एक उत्तर आहे. मोबाइल टॉवरच्या नोंदी, बँकेचे व्यवहार, कॅमेरे, बॅकअप, साथीदाराचा उघडा फोन, हे सगळं हुकमावर मिळतं. सगळी ॲप सारखी नोंद ठेवत नाहीत, हेही खरं. २०१६ मध्ये सिग्नल या निरोपांच्या ॲपकडे एका खात्याची माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारखं दोनच होतं: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं.

चांदणवेल

दहशतवादाच्या नावाने येणाऱ्या फसव्या फोनबद्दल कोणी लिहील का? "तुमच्या नंबरचा वापर अतिरेक्यांनी केला आहे, व्हिडिओ कॉलवर थांबा" असे. म्हातारी माणसं फार घाबरतात.

मोहर

चांदणवेल, बरं झालं विचारलंत. या फसवणुकीचे टप्पे ठरलेले असतात. आधी नंबरचा किंवा पार्सलचा आरोप, मग गणवेशातला माणूस व्हिडिओवर, मग कोणाला सांगू नका, फोन ठेवू नका ही ताकीद, आणि शेवटी पैसे 'तपासणीसाठी' दुसऱ्या खात्यात. एकटं पाडणं हा त्यातला मुख्य भाग आहे, म्हणून घरातल्या मोठ्यांना एकच सांगून ठेवा: असा फोन आला की ठेवायचा आणि घरातल्या कोणालातरी लगेच लावायचा. चौकशी करणारी खरी यंत्रणा पैसे वर्ग करायला सांगत नाही.

त्यांनी सांगितलेलं कुठलंही ॲप उतरवू नका. ते बहुतेक वेळा स्क्रीन दाखवणारं असतं, पुढचे सगळे ओटीपी तिकडे वाचले जातात. कुठलाही कोड डायल करायला सांगितला तर करू नका. *२१* किंवा **२१* ने सुरू होणाऱ्या कोडने तुमचे सगळे कॉल दुसऱ्या नंबरवर वळतात. शंका आली तर *#२१# डायल करून बघा, वळवलेले दिसले तर ##००२# ने सगळं रद्द होतं.

ॲप उतरवलं गेलंच असेल तर आधी विमान मोड, मग ॲप काढा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर पहिल्या तासात कळवणं फार महत्त्वाचं, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येते.

अनुस्वार

सगळं दोनदा वाचलं. पहिल्या प्रश्नावर माझं मत बदललं. क्लिपरपेक्षा ग्रीसच्या उदाहरणाने बदललं, कारण तिथे सोय कायदेशीर कामासाठीच होती. कंपनीकडे कायमची किल्ली नको.

पण मग उरतं काय? सॅन बर्नार्डिनोत शेवटी झालं ते, म्हणजे फोनमधली एखादी त्रुटी शोधून किंवा विकत घेऊन तोच एक फोन उघडायचा. २०१९ च्या अमेरिकेतल्या पेन्साकोला नौदल तळावरच्या हल्ल्यातही पुढच्या वर्षी एफबीआयने ॲपलशिवायच फोन उघडले असं वाचलं. हा मार्ग मला योग्य वाटतो. महाग आहे, हळू आहे, म्हणून गंभीर प्रकरणातच वापरला जाईल.

सुतळी

अनुस्वार, बऱ्याच अंशी सहमत. एक अट घालेन. त्रुटी जितके दिवस लपवून ठेवाल तितके दिवस ती तुमच्या-माझ्या फोनमध्येही उघडी असते. अमेरिकी यंत्रणेने विंडोजमधली अशीच एक त्रुटी आपल्याकडे ठेवली होती. ती चोरीला गेली, एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाली आणि १२ मे ला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्यावरून पसरला. ब्रिटनमधल्या इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती, पण हजारो संगणकांवर ती बसवलेली नव्हती. म्हणून वापरलेली त्रुटी ठराविक मुदतीत कंपनीला कळवायची सक्ती हवी, आणि ती मुदत ठरवणारा माणूस तपास करणारा नसावा.

पायवाट

मुदत हवी हे मान्य. पण किती? तपास चालू असताना नव्वद दिवस कमी पडतील. खटला उभा राहीपर्यंत पुरावा कसा मिळाला हे न्यायालयात सांगावं लागतं, आणि सांगितलं की त्रुटी जाहीर झालीच. यावर कोणाकडे नीट विचार केलेला आराखडा असेल तर वाचायला आवडेल.

सुतळी

पायवाट, माझ्या मते मुदत खटल्याला न बांधता वापराला बांधावी. फोन उघडला, त्याची पूर्ण प्रत आणि तिचा हॅश (प्रतीत काही बदललं तर बदलणारा ठसा) नोंदवला, की त्या प्रकरणापुरतं त्रुटीचं काम संपलं. तिथून मोजणी सुरू. न्यायालयात प्रत आणि हॅश उभे राहतात, उघडण्याची पद्धत बंद लिफाफ्यात न्यायाधीशांना दाखवता येते. अडचण एकच: तीच त्रुटी दुसऱ्या चालू प्रकरणात लागणार असेल तर यंत्रणा मोजणी पुन्हा शून्यावर आणू पाहील. तसं करता येणार नाही अशी तरतूद आधीच लिहून ठेवावी लागेल.

गोधडी

जाता जाता एक विचारते. जुना फोन विकताना फॅक्टरी रीसेट पुरतो का, की फायली परत काढता येतात?

काजवा

एनक्रिप्शन असलेल्या फोनवर पुरतो, कारण रीसेट आतली किल्लीच पुसतो आणि उरलेला मजकूर वाचता न येणारा कचरा होतो. पण आधी गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा, नाहीतर घेणाऱ्याला फोन सुरूच करता येणार नाही. आणि मेमरी कार्ड काढून घ्या. रीसेटमध्ये बहुतेक वेळा ते पुसलं जात नाही, आणि सगळे फोटो त्यावरच असतात.